१८४५ सालची लंडन पोर्टर घरी कशी बनवावी

एकोणिसाव्या शतकातील एखादी बिअर घरी बनवायची असेल, तर पाककृती शोधण्याआधी साल ठरवावे. त्या शतकात इंग्लंडमधील बिअर दर काही दशकांनी बदलत गेली आणि हे बदल चवीच्या लहरीतून आले नसून बहुतेक वेळा कायदा, कर आणि नवी उपकरणे यांच्यामुळे घडले. पोर्टर म्हणजे लंडनची गडद रंगाची बिअर; पण १८१० ची पोर्टर, १८४५ ची पोर्टर आणि १८९० ची पोर्टर ही तीन वेगळी पेये आहेत. आज ‘ऐतिहासिक पोर्टर’ म्हणून सांगितल्या जाणाऱ्या कृतींत क्रिस्टल मॉल्ट, चॉकलेट मॉल्ट (मॉल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेले सातू) आणि तपकिरी साखर सर्रास एकत्र घातलेली दिसते. त्यातून चांगली बिअर तयार होते यात शंका नाही, परंतु ती कोणत्याही एका सालची नसते. येथे दिलेली कृती १८४५ च्या आसपासच्या लंडनची आहे, आणि ते साल निवडण्यामागे ठोस कारण आहे.

आधी एक आवश्यक सूचना. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार परवान्याशिवाय मद्य तयार करणे हा गुन्हा आहे, मग ते घरच्या वापरासाठी असले तरीही. त्यामुळे ही कृती घरगुती बिअर बनवण्यास मुभा असलेल्या देशांत राहणाऱ्या वाचकांसाठी आहे. ब्रिटनमध्ये १९६३ पासून स्वतःच्या वापरापुरती बिअर बनवण्यासाठी परवाना लागत नाही. अमेरिकेत १९७९ पासून लागू असलेल्या संघीय कायद्यानुसार एका प्रौढ व्यक्तीला वर्षाला १०० गॅलन आणि दोन किंवा अधिक प्रौढांच्या घराला २०० गॅलन इतकी मर्यादा आहे, शिवाय राज्याचे नियम वेगळे पाहावे लागतात. दोन्ही देशांत ही बिअर विकता येत नाही.

साल १८४५ का

अठराव्या शतकातील लंडन पोर्टर प्रामुख्याने ब्राउन मॉल्टपासून, म्हणजे मोड आणलेले सातू लाकडाच्या जोरकस आचेवर वाळवून केलेल्या गडद मॉल्टपासून, बनत असे. १७८४ मध्ये जॉन रिचर्डसन याने बिअर उत्पादनात हायड्रोमीटर (द्रवाची घनता मोजणारे उपकरण) कसा वापरावा हे मांडले आणि बिअर बनवणाऱ्यांच्या हाती पहिल्यांदाच प्रत्येक मॉल्टमधून किती सत्त्व निघते ते मोजण्याचे साधन आले. ब्राउन मॉल्ट स्वस्त असले तरी फिकट मॉल्टच्या मानाने त्यातून सत्त्व इतके कमी निघते की शेवटी तेच महाग पडते, हे आकड्यांनी सिद्ध झाले. कारखाने फिकट मॉल्टकडे वळले आणि त्याबरोबर पोर्टरचा रंगही फिका पडू लागला. तो भरून काढण्यासाठी जळकी साखर वापरली जाऊ लागली. तिला १८११ मध्ये कायदेशीर मान्यता मिळाली, पण १८१६ च्या कायद्याने मॉल्ट आणि हॉप (बिअरला कडूपणा व टिकाऊपणा देणारी एका वेलीची फुले) यांखेरीज बाकी सर्व पदार्थांवर पुन्हा बंदी आली.

त्या बंदीचा रोख ज्या पदार्थांवर होता त्यांत आपल्या परिचयाची एक वनस्पती होती, ती म्हणजे काकमारी. पश्चिम घाटात आणि मलबारात वाढणाऱ्या या वेलीची सुकी फळे ‘कॉक्युलस इंडिकस’ या नावाने लंडनला पोहोचत आणि पातळ केलेल्या पोर्टरला खोटी धुंदी आणण्यासाठी त्यात घातली जात. या फळांत पिक्रोटॉक्सिन नावाचे तीव्र विष असते. ऐतिहासिक अचूकतेचा कितीही आग्रह असला तरी जुन्या कागदपत्रांत आढळणारा हा पदार्थ कोणत्याही प्रमाणात वापरू नये.

रंगाचा प्रश्न १८१७ मध्ये सुटला. डॅनियल व्हीलर याने फिरत्या लोखंडी नळकांड्यात मॉल्ट भाजून ते काळे करण्याचे पेटंट घेतले. काळे झाले तरी ते मॉल्टच असल्यामुळे कायद्यात बसत होते, आणि त्याची थोडीशी मात्रा संपूर्ण काढ्याला (मॉल्टमधून गरम पाण्याने उतरवलेल्या गोड द्रवाला) रंग देण्यास पुरत असे. आयर्लंडमधील कारखान्यांनी हळूहळू ब्राउन मॉल्ट सोडून दिले. लंडनच्या कारखान्यांनी मात्र फिकट, ब्राउन आणि काळे अशी तीन मॉल्टची सांगड कायम ठेवली. पुढे १८४७ मध्ये बिअरमध्ये साखर वापरण्यास परवानगी मिळाली आणि १८८० मध्ये पंतप्रधान ग्लॅडस्टनने मॉल्टवरील कर काढून टाकल्यावर घटकांवरील बंधने बहुतांशी संपली. म्हणजे १८१७ ते १८४७ ही तीस वर्षे अशी आहेत की त्या काळातील कायदेशीर लंडन पोर्टरमध्ये काय असू शकते आणि काय असू शकत नाही हे आपल्याला नेमके ठाऊक आहे. घरी काम करणाऱ्यासाठी ही स्पष्टता मोलाची आहे.

दुसरे कारण व्यावहारिक आहे. अठराव्या शतकातील ब्राउन मॉल्टमध्ये स्टार्चचे साखरेत रूपांतर करणारी विकरे काही प्रमाणात शिल्लक राहत असत. आज दुकानात मिळणाऱ्या ब्राउन मॉल्टमध्ये ती नसतात. त्यामुळे केवळ ब्राउन मॉल्टची जुनी पोर्टर आजच्या मालातून होत नाही. १८४५ च्या कृतीत मात्र चार पंचमांश भाग फिकट मॉल्टचा असल्याने विकरांची वाण पडत नाही.

जुन्या नोंदी वाचण्याची रीत

व्हिटब्रेड, बार्कले पर्किन्स, ट्रूमन या लंडनच्या मोठ्या कारखान्यांच्या रोजच्या उत्पादनाच्या वह्या शहराच्या अभिलेखागारात जतन केलेल्या आहेत, आणि त्यांतील पाने वाचून स्वतःची कृती बांधण्यात जो आनंद आहे तो कोणाच्या तयार कृतीत नाही. त्यासाठी तीन मापे पक्की असावी लागतात. मॉल्ट ‘क्वार्टर’मध्ये मोजले जाई, फिकट मॉल्टचा एक क्वार्टर सामान्यतः ३३६ पौंड, म्हणजे सुमारे १५२ किलो धरतात. क्वार्टर हे मुळात आकारमानाचे माप असल्यामुळे भाजून हलक्या झालेल्या ब्राउन आणि काळ्या मॉल्टचा क्वार्टर वजनाला बराच कमी भरतो, ही गोष्ट विसरली की रंग आणि करपट चव दोन्ही प्रमाणाबाहेर जातात. बॅरल ३६ गॅलनचे, म्हणजे १८२४ नंतरच्या इंपीरियल गॅलनप्रमाणे सुमारे १६४ लिटरचे. काढ्याची घनता ‘बॅरलमागे पौंड’ अशी लिहिलेली असते. त्या आकड्याला २.७७ ने गुणले की आजच्या विशिष्ट गुरुत्वाचे अंश मिळतात. वहीत २० पौंड लिहिले असेल तर ते ५५ अंश, अर्थात १.०५५.

हॉपचे प्रमाण अनेकदा मॉल्टच्या क्वार्टरमागे पौंडात दिलेले असते. उदाहरणार्थ, क्वार्टरमागे ६ पौंड असेल तर एक किलो मॉल्टमागे जवळजवळ १८ ग्रॅम हॉप होतो, आणि साडेपाच किलो मॉल्टसाठी सुमारे ९८ ग्रॅम. हा आकडा जसाच्या तसा उचलू नये. कारखान्यांत त्या वर्षीच्या हॉपबरोबर एक-दोन वर्षे पडून राहिलेला, कडूपणा उतरलेला हॉपही वापरला जाई. आज थंडीत, हवाबंद पाकिटात साठवलेला ताजा हॉप त्यापेक्षा तेज असतो, म्हणून मी प्रमाण आठव्या हिश्श्याने कमी करणे योग्य समजतो.

साहित्य

वीस लिटर पोर्टरसाठी फिकट इंग्रजी मॉल्ट ४.४ किलो, ब्राउन मॉल्ट ९०० ग्रॅम आणि काळे मॉल्ट २०० ग्रॅम घ्यावे. भांड्यातून सत्त्व काढण्याची कार्यक्षमता ७० टक्के धरली तर यातून १.०५६ च्या आसपास घनता मिळते. फिकट मॉल्ट शक्यतो मॅरिस ऑटर जातीचे घ्यावे. ती जात विसाव्या शतकातील असली तरी इंग्रजी पद्धतीने तयार केलेल्या या मॉल्टचा भरीवपणा पोर्टरला शोभतो. शेव्हॅलिएर ही खरोखर एकोणिसाव्या शतकातील सातूची जात अलीकडे पुन्हा पिकवली जाऊ लागली आहे. ती मिळाली तर अवश्य वापरावी. मात्र तिची बिअर थोडी गोडसर राहते, हे ध्यानात ठेवून हॉप किंचित वाढवावा.

ब्राउन मॉल्ट हा या बिअरचा प्राण आहे, आणि येथे थोडे कष्ट घेतल्यास त्याचे चीज होते. दुकानातले ब्राउन मॉल्ट चांगले असते. पण घरच्या ओव्हनमध्ये ताजे भाजलेले मॉल्ट अधिक खोल, भाजलेल्या पावाच्या कडेसारखी चव देते. अख्खे फिकट मॉल्ट ट्रेमध्ये सव्वा सेंटिमीटर जाडीने पसरावे, ११० अंश सेल्सिअसवर पाऊण तास ठेवून ओल पूर्ण घालवावी, मग १५० अंशांवर अर्धा ते एक तास आणि शेवटी १७५ अंशांवर, दाणा कापून पाहिला असता आतला गर सर्वत्र फिकट तपकिरी दिसेपर्यंत भाजावे. दर दहा मिनिटांनी हलवत राहावे, कारण कडेचे दाणे आधी करपतात. भाजलेले मॉल्ट लगेच वापरू नये. कागदी पिशवीत दोन आठवडे ठेवले की त्यातील उग्र वास निघून जातो. जुने मॉल्ट लाकडाच्या आचेवर तयार होत असे म्हणून धुरकटपणा आणण्यासाठी आधुनिक धुरी दिलेले मॉल्ट घालण्याचा मोह होतो. तो टाळावा, कारण नीट मुरलेल्या पोर्टरमध्ये धुराचा वास गुण मानला जात नसे.

हॉप ईस्ट केंट गोल्डिंग जातीचा, अल्फा आम्ल (हॉपमधील कडूपणा देणारा घटक) ५ टक्क्यांच्या आसपास असलेला, ८५ ग्रॅम. यीस्ट इंग्रजी एल प्रकारचे. सुकी पाकिटे वापरायची तर सॅफएल एस-०४ चे ११.५ ग्रॅमचे एक पाकीट पुरते.

पाण्याबाबत थोडेच सांगतो. लंडनचे पाणी चुनखडीच्या थरातले, बायकार्बोनेटने भरलेले असते, आणि काळ्या मॉल्टचे आम्ल त्या पाण्याशी जुळते. गडद बिअर तेथे चांगली होण्याचे ते एक कारण आहे. आपले पाणी मृदू असेल तर मॅशचा (मॉल्ट आणि गरम पाण्याच्या मिश्रणाचा) पीएच मोजावा आणि तो ५.३ च्या खाली घसरत असेल तरच चिमूटभर खाण्याचा सोडा घालावा. नळाच्या पाण्यातील क्लोरीन मात्र काढलेच पाहिजे: ३५ लिटरला कॅम्पडेनची अर्धी गोळी चुरून घातली की काम होते.

मॅशपासून उकळीपर्यंत

त्या काळच्या कारखान्यांत त्याच मॉल्टवर दोन-तीन वेळा गरम पाणी घालून प्रत्येक वेळचा काढा वेगळा उतरवत आणि नंतर एकत्र करत. घरी एकच मॅश आणि त्यावर गरम पाण्याचा शिडकाव पुरेसा आहे; चवीत जाणवेल असा फरक पडत नाही.

दळलेले तिन्ही मॉल्ट ७४ अंशांच्या १५ लिटर पाण्यात गुठळ्या न होऊ देता मिसळावे, म्हणजे मिश्रण ६७ अंशांच्या आसपास स्थिरावते. भांडे झाकून, जाड कापडात गुंडाळून दीड तास ठेवावे. नंतर पहिला काढा हळूहळू उतरवावा. सुरुवातीचा गढूळ काढा पुन्हा वर ओतून निवळ येऊ लागला की मगच साठवावा. त्यावर ७५ ते ७७ अंशांचे साडेसतरा लिटर पाणी थोडेथोडे घालत एकूण २७ लिटर काढा जमवावा. पाण्याचे तापमान याहून चढू देऊ नये, कारण मग सालीतला तुरटपणा उतरतो आणि काळ्या मॉल्टच्या जोडीला तो असह्य होतो.

उकळी दीड तासाची. पहिली उकळी फुटताच काढा उतू जातो, तेव्हा त्या क्षणी भांड्यापाशी असावे. उकळी स्थिर झाल्यावर ५५ ग्रॅम हॉप घालावा आणि शेवटचा अर्धा तास उरला असता राहिलेला ३० ग्रॅम. गॅस बंद केल्यावर सुगंधासाठी हॉप घालण्याची आजची रीत येथे पाळू नये. काढा शक्य तितक्या लवकर १८ अंशांपर्यंत थंड करावा आणि त्यातला एक लिटर निर्जंतुक बाटलीत, वर मोकळी जागा ठेवून, फ्रीजरमध्ये टाकावा. त्याचा उपयोग पुढे आहे. बाकीचा काढा स्वच्छ, निर्जंतुक भांड्यात ओतून, भरपूर ढवळून हवा खेळवावी आणि यीस्ट घालावे.

आंबवणे १८ अंशांवर सुरू करून तापमान २१ अंशांपर्यंत चढू द्यावे. आठवडा ते दहा दिवसांत घनता १.०१४ ते १.०१६ च्या दरम्यान थांबते आणि मद्यार्काचे प्रमाण साधारण साडेपाच टक्के भरते. सलग तीन दिवस हायड्रोमीटरचा आकडा हलला नाही की बाटल्या भराव्यात. १८४५ च्या कायद्यात साखरेला जागा नव्हती, म्हणून बाटलीतला फेस आणण्यासाठी फ्रीजरमधला तो एक लिटर काढा पुन्हा उकळून, थंड करून मिसळावा. ज्यांना ही खटपट नको त्यांनी ८५ ग्रॅम साखर वापरावी. पिंपातून ओढलेल्या पोर्टरला साजेसा सौम्य फेस दोन्ही मार्गांनी येतो. तीन आठवड्यांत ही ताजी, त्या काळच्या भाषेत ‘माइल्ड’, पोर्टर पिण्याजोगी होते.

मुरवलेली पोर्टर

येथपर्यंतचे काम कोणत्याही घरगुती बिअरसारखेच आहे. १८४५ च्या पोर्टरचे खरे वैशिष्ट्य यापुढे सुरू होते, आणि माझ्या मते ज्याने ही पायरी गाळली त्याने त्या पेयाची अर्धीच ओळख करून घेतली.

लंडनचे कारखाने पोर्टरचा काही भाग लाकडाच्या अजस्र टाक्यांत कित्येक महिने मुरवत असत. त्या टाक्यांचा आकार किती प्रचंड होता याची कल्पना १७ ऑक्टोबर १८१४ च्या दुर्घटनेवरून येते: टॉटनहॅम कोर्ट रोडवरील म्यू यांच्या कारखान्यातील एक टाकी फुटली आणि पोर्टरच्या लोंढ्याने शेजारच्या गरीब वस्तीतील आठ जणांचा बळी घेतला. या टाक्यांच्या लाकडात वसलेले एक संथ यीस्ट पहिल्या यीस्टला न पचलेल्या शर्करा महिनोन्महिने खात राही, आणि त्यातून बिअरला कोरडेपणा, चामड्याचा व पिकलेल्या फळाचा गंध आणि हलकी आंबट धार मिळे. १९०४ मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत क्लाउसेन याने इंग्रजी बिअरमधून ते वेगळे केले आणि त्याला ब्रेटॅनोमायसिस हे नाव दिले. आज त्याच्या नावाचे क्लाउसेनी वाण बाजारात मिळते. याच कामासाठी तेच घ्यावे.

मुरवण्यासाठी स्वतंत्र वीस लिटर बिअर करावी आणि तिच्यात हॉप ८५ ऐवजी १२० ग्रॅम घालावा, ८० ग्रॅम सुरुवातीला आणि ४० ग्रॅम शेवटच्या अर्ध्या तासात. हॉप वाढवण्यामागे टिकाऊपणा हाच हेतू असे. भारतात आलेली इंग्रजी बिअर म्हणजे इंडिया पेल एल असा समज रूढ आहे. पण ईस्ट इंडिया कंपनीच्या गोऱ्या शिपायांसाठी पोर्टरही मोठ्या प्रमाणावर जहाजांतून येत असे, आणि सुएझ कालवा होण्यापूर्वीच्या, केप ऑफ गुड होपला वळसा घालून येणाऱ्या त्या महिनोन्महिन्यांच्या प्रवासात टिकावी म्हणून तिच्यात हॉप लंडनच्या पोर्टरपेक्षा बराच अधिक घातलेला असे.

पहिले आंबवणे संपल्यावर बिअर काचेच्या कारबॉयमध्ये (अरुंद गळ्याच्या मोठ्या बरणीत) गळ्यापर्यंत भरावी, ब्रेटॅनोमायसिस घालावे, एअरलॉक (आतला वायू बाहेर सोडणारी पण हवा आत न येऊ देणारी पाण्याची झडप) लावावा आणि १५ ते १८ अंशांवर, अंधारात, किमान सहा महिने ठेवावी. एअरलॉकमधले पाणी आटू देऊ नये. हवा आत गेली की बिअरचे व्हिनेगर होते. पृष्ठभागावर पांढुरकी साय धरली तर ती मोडू नये. ओकच्या ढलप्या घालू नयेत: कारखान्यांच्या टाक्या इतक्या मोठ्या होत्या की बिअरच्या मानाने लाकडाचा स्पर्श नगण्य होता, आणि व्हॅनिलासारखा वास त्या पोर्टरमध्ये नव्हता. या बिअरसाठी वापरलेल्या प्लॅस्टिकच्या नळ्या आणि झाकणे कायमची वेगळी ठेवावीत, कारण त्यांच्या ओरखड्यांत दडलेले ब्रेटॅनोमायसिस पुढच्या साध्या बिअरमध्ये हमखास उतरते.

घनता १.०१० च्या खाली येऊन दोन महिन्यांत बदलली नाही, तरच ही बिअर बाटल्यांत भरावी, आणि तीही शँपेनच्या जाड काचेच्या बाटल्यांत. येथे घाई धोकादायक आहे. अर्धवट मुरलेली बिअर बंद बाटलीत काम करत राहते आणि बाटली फुटून गंभीर दुखापत होऊ शकते.

मिश्रण

मुरवलेली पोर्टर एकटीच पिण्यासाठी फार तीव्र असते. लंडनमध्ये ती ताज्या पोर्टरमध्ये मिसळून विकली जाई, आणि गिऱ्हाईक आपल्या आवडीप्रमाणे जुन्याचा अंश कमी-अधिक मागे. घरी एक भाग मुरवलेली आणि दोन भाग ताजी यापासून सुरुवात करावी. ज्यांना आंबट धार आवडते त्यांनी निम्मे-निम्मे करावे. हे मिश्रण जगमध्ये किंवा ग्लासातच करावे. मिसळून पुन्हा बाटलीत भरू नये, कारण ताज्या पोर्टरमधील उरलेल्या शर्करांवर ब्रेटॅनोमायसिस लगेच काम सुरू करते आणि वर सांगितलेला फुटण्याचा धोका अनेक पटींनी वाढतो. त्यामुळे मुरवण्याची बिअर आधी करून तिच्या बाटल्या तयार झाल्यावर ताज्या पोर्टरचा घाट घालणे सोयीचे ठरते.

वाढताना बिअर फ्रीजमधून थेट काढलेली नसावी. १२ ते १४ अंशांवर ब्राउन मॉल्टची भाजकी चव आणि मुरवणीचा गंध दोन्ही उलगडतात. ५ अंशांवर केवळ काळ्या मॉल्टचा कडवटपणा जिभेवर येतो. पहिल्या मिश्रणाचे प्रमाण, दोन्ही बिअरची घनता आणि मुरवणीचे महिने वहीत टिपून ठेवावेत, कारण दुसऱ्या खेपेला ब्राउन मॉल्ट ९०० ग्रॅमवरून एक किलोपर्यंत न्यायचे की हॉप कमी करायचा, हे त्या टिपणांवरूनच ठरवता येते.